बेकेशी यांच्या पद्धतीने आपला श्रवण-उंबरठा घरी कसा मोजावा

ग्यॉर्ग फॉन बेकेशी हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. बुडापेस्ट येथे १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर ते हंगेरीच्या टपाल खात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत काम करू लागले. दूरध्वनीच्या तारेच्या अखेरच्या टोकाला माणसाचा कान असतो, आणि तो कसा चालतो हे कळल्याखेरीज तारेत वा यंत्रात काय सुधारायचे हे ठरवता येत नाही, या विचाराने ते श्रवणाच्या अभ्यासाकडे वळले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्याच अभ्यासात राहिले. आतल्या कानातील कर्णावर्तात ध्वनीमुळे कोणती यांत्रिक हालचाल होते याचा शोध लावल्याबद्दल त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध सर्वांना ठाऊक असतो. त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेली श्रवणमापनाची पद्धत मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते, आणि घरी बसून कानाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला अधिक उपयोगी पडते ती हीच पद्धत.

तिच्यामागची कल्पना अशी आहे. ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या आवाजांमध्ये एखादी ठळक रेघ नसते. अतिशय क्षीण स्वर कधी ऐकू येतो, कधी येत नाही, आणि मधल्या पट्ट्यात ऐकणारा स्वतःच साशंक असतो. परीक्षकाने एकेक स्वर वाजवून ‘ऐकू आला का?’ असे विचारत राहिले, की उत्तरात कानाइतकाच संकोच, अपेक्षा आणि कंटाळाही मिसळतो. बेकेशी यांनी यंत्राचे नियंत्रण ऐकणाऱ्याच्याच हाती दिले. स्वर ऐकू येत असेपर्यंत त्याने बटण दाबून ठेवायचे, म्हणजे आवाज आपोआप कमी होत जातो. ऐकू येईनासा झाला की बटण सोडायचे, म्हणजे तो पुन्हा वाढू लागतो. त्याच वेळी स्वराची वारंवारता सावकाश बदलत असते आणि एक लेखणी कागदावर करवतीच्या दात्यांसारखी वरखाली जाणारी रेघ काढत जाते. त्या दात्यांच्या मधोमध जाणारी वक्ररेषा म्हणजे त्या व्यक्तीचा श्रवण-उंबरठा. हेच काम एक संगणक, एक हेडफोन आणि एक मदतनीस एवढ्या साधनांवर बऱ्याच काटेकोरपणे करता येते.

तयारी

सर्वांत आधी शांतता हवी. खोलीतील पंखा, वातानुकूलन यंत्र आणि घरघर करणारी इतर उपकरणे बंद करावीत, आणि शक्य असल्यास मोजणीसाठी रात्रीची वेळ निवडावी. बाहेरच्या आवाजाचा उपद्रव खालच्या वारंवारतांना, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झला, सर्वाधिक होतो, कारण भिंती आणि हेडफोनच्या गाद्या कमी वारंवारतेचा आवाज नीट अडवू शकत नाहीत. आदल्या दिवसापासून मोठ्या आवाजात जाणे टाळावे. गोंगाटात काही तास काढल्यावर उंबरठा तात्पुरता वर सरकतो आणि पूर्ववत होण्यास पुष्कळ वेळ घेतो, त्यामुळे अशा कानाची मोजणी कानाऐवजी आदल्या रात्रीविषयीच सांगते.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा आणि तारेचा असावा. बिनतारी संचांपैकी काही अतिशय क्षीण आवाज स्वतःहून बंद करतात, आणि आपल्याला तर नेमका तोच आवाज हवा असतो. संगणकावरील ध्वनी ‘सुधारणारी’ सर्व साधने, म्हणजे इक्वलायझर, आवाज आपोआप समान करणारी सोय, गोंगाट रद्द करणारी सोय, ही एकूणएक बंद करावीत.

आता स्वर तयार करावेत. ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही मोफत प्रणालीत शुद्ध स्वर निर्माण करण्याची सोय असते, तिच्या साहाय्याने २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झचे सहा स्वर बनवावेत. स्वर अखंड ठेवू नये. पाव सेकंद स्वर आणि पाव सेकंद शांतता अशी त्याची मालिका करावी. अखंड चालणारा क्षीण स्वर काही वेळाने विरल्यासारखा वाटू लागतो, आणि ज्यांच्या कानात मुळातच बारीक गुणगुण असते त्यांना ती गुणगुण आणि स्वर वेगळे ओळखता येत नाहीत. तुटक स्वराला ताल असतो, म्हणून तो ओळखू येतो.

प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सुमारे ३० मिलिसेकंदांचा चढ-उतार द्यावा. ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु माझ्या अनुभवात घरगुती मोजणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. स्वर एकदम सुरू केला किंवा एकदम तोडला, तर ‘टक्’ असा आवाज होतो, आणि त्या ‘टक्’मध्ये सगळ्या वारंवारतांची थोडी थोडी ऊर्जा असते. मग ८००० हर्ट्झचा स्वर मुळीच ऐकू न येणारा माणूसही तो ‘टक्’ ऐकून ‘आला’ अशी खूण करतो आणि आपण त्याची नोंद ८००० हर्ट्झच्या रकान्यात करतो.

स्वराचा आयाम (amplitude, म्हणजे कंपनाचा आकार) कमाल मर्यादेच्या एक शतांश ठेवावा, म्हणजे तो कमाल पातळीच्या ४० डेसिबेल खाली राहील. आयाम दहापट कमी झाला की पातळी २० डेसिबेलने उतरते, हा हिशेब इथे लक्षात ठेवावा. पुढील वरखाली करण्यासाठी प्रणालीतील त्या पट्टीचा (ट्रॅकचा) डेसिबेलमध्ये दाखवणारा आवाज-नियंत्रक वापरावा. संगणकाचा मुख्य आवाज एकदाच असा लावावा की १००० हर्ट्झचा स्वर नियंत्रकाच्या साधारण मध्यावर असताना जेमतेम ऐकू येईल. त्यानंतर तो मुख्य आवाज संपूर्ण मोजणी संपेपर्यंत हलवू नये, आणि तो कोणत्या खुणेवर होता हे वहीत लिहून ठेवावे. सुरक्षिततेची एक सवय इथेच लावून घ्यावी: नवा स्वर सुरू करताना हेडफोन आधी कानांवरून उतरवावा, आवाज अनपेक्षित मोठा नाही याची खात्री करावी, आणि मगच तो पुन्हा चढवावा.

मोजणी

मूळ यंत्रात बटण आणि मोटर जे काम करत असत ते इथे दोन माणसे करतील. ऐकणाऱ्याने पडद्याकडे पाठ करून बसावे, कारण नियंत्रक सरकताना दिसला की कान डोळ्याच्या मागे जाऊ लागतो. स्वर ऐकू येत असेपर्यंत त्याने हात वर ठेवावा आणि ऐकू येईनासा झाला की खाली घ्यावा. मदतनीसाने दर सेकंदाला २ डेसिबेल या गतीने, हात वर असेल तर आवाज कमी करावा, हात खाली असेल तर वाढवावा. नियंत्रक शक्यतो दोन तुकड्यांमधील शांततेत सरकवावा. पुढे रुग्णालयांमध्ये रूढ झालेल्या यंत्रांची नेहमीची गती सेकंदाला २.५ डेसिबेल अशी असे, तेव्हा आपली गती तिच्या जवळपासचीच आहे. याहून घाई केली, तर हात हलेपर्यंतच आवाज पुढे निघून जातो; फार सावकाशी केली, तर ऐकणारा थकतो.

ज्या पातळीवर हात वरचा खाली किंवा खालचा वर होतो ती प्रत्येक पातळी मदतनीसाने लिहून ठेवावी. या पातळ्यांना वळणबिंदू म्हणू. पहिले दोन वळणबिंदू सोडून द्यावेत, कारण तोवर ऐकणारा कार्यपद्धतीला सरावत असतो. त्यानंतरचे सहा घ्यावेत, त्यांत तीन वरचे आणि तीन खालचे असतील. समजा ते −५२, −६२, −५०, −६०, −५२ आणि −६० असे आले. त्यांची सरासरी −५६ येते, आणि त्या कानाचा त्या वारंवारतेवरील उंबरठा म्हणून वहीत हीच संख्या लिहावी. खालचा आकडाच काय तो खरा, असे मानण्याचा मोह होतो, पण तो बरोबर नाही. स्वर विरताना माणूस त्याचा धागा धरून राहतो आणि थोडा अधिक खोल जातो, तर परत येताना खात्री होईपर्यंत थांबतो, म्हणून खरी सीमा या दोहोंच्या मध्येच शोधावी लागते.

सुरुवात १००० हर्ट्झपासून करावी, नंतर २०००, ४००० आणि ८००० घ्यावेत, पुन्हा १००० मोजावे आणि शेवटी ५०० व २५० घ्यावेत. दोन वेळच्या १००० हर्ट्झमध्ये ५ डेसिबेलपेक्षा अधिक फरक पडला, तर त्या बैठकीतील सर्व आकडे बाजूला ठेवून विश्रांतीनंतर नव्याने सुरुवात करावी. अधूनमधून मदतनीसाने ऐकणाऱ्याला न सांगता स्वर पूर्ण बंद करून पाहावा. हात तरीही वरच राहिला, तर ऐकणारा कानापेक्षा तालाच्या आठवणीवर चालला आहे असे समजावे आणि त्याला तसे मोकळेपणाने सांगावे. त्यात त्याचा दोष नाही, कारण ही चूक प्रत्येकाकडून होते, आणि मोजणीची पद्धत काटेकोर ठेवायची ती याचसाठी. दर दहा-बारा मिनिटांनी विश्रांती घ्यावी.

एका कानाची मोजणी झाल्यावर दुसऱ्या कानासाठी उजवी-डावी वाहिनी बदलण्यापेक्षा हेडफोनच उलटा घालावा, म्हणजे दोन्ही कानांना एकाच बाजूचा ध्वनिवर्धक लागेल. दोन कानांत मोठी तफावत दिसली, तर दोन्ही बाजूंनी उलटसुलट मोजून पाहावे. तफावत कानाबरोबर जात असेल तर ती कानाची, आणि हेडफोनच्या वाटीबरोबर जात असेल तर ती साधनाची.

आकड्यांचा अर्थ

घरचा हेडफोन मापित नसतो, म्हणजे त्याच्या कोणत्या आकड्याला नेमका किती आवाज येतो हे तपासलेले नसते, त्यामुळे −५६ या संख्येवरून ‘इतके डेसिबेल ऐकू कमी येते’ असा निष्कर्ष काढता येत नाही. यावर एक जुना आणि प्रामाणिक उपाय आहे. ज्यांना ऐकण्याची कोणतीही तक्रार नाही अशा तीन-चार तरुण व्यक्तींची मोजणी त्याच खोलीत, त्याच हेडफोनवर आणि त्याच मुख्य आवाजावर करावी, प्रत्येक वारंवारतेची सरासरी काढावी आणि आपले आकडे तिच्याशी ताडून पाहावेत. हा उपाय कमअस्सल नाही. श्रवणतज्ज्ञांच्या आलेखावरील शून्य डेसिबेल ही रेषादेखील निरोगी तरुण कानांच्या उंबरठ्यावरूनच ठरवलेली आहे.

हेडफोनचा स्वभाव वगळून पाहिले, तर निरोगी कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि दोन्ही टोकांकडे, विशेषतः खालच्या टोकाकडे, बोथट होत जातो. याचे एक कारण बाहेरच्या कानातच आहे. कानाची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद असते. अशी नळी तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या स्वराला दाद देते, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर हा स्वर ३४०० हर्ट्झच्या आसपास येतो. त्यापुढे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे पडद्यावरचा दाब आतल्या द्रवाकडे पोहोचवतात. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे सतरापट असल्यामुळे तोच जोर लहान जागेवर एकवटतो. असे झाले नसते, तर हवेतून आलेला बहुतेक ध्वनी द्रवाच्या पृष्ठभागावरून परत फिरला असता.

८००० हर्ट्झचा आकडा एका मोजणीवरून कधीही ग्राह्य धरू नये. त्या स्वराची तरंगलांबी सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हेडफोनची वाटी आणि कानाची नळी यांच्या मापाच्या जवळपासची असते, आणि वाटी थोडी सरकली तरी पडद्याजवळचा दाब बदलतो. हेडफोन काढून पुन्हा घालावा आणि तीन वेळा मोजावे. ४००० हर्ट्झच्या जवळ खळगा आणि ८००० ला पुन्हा सुधारणा असे चित्र आले, तर ते गोंगाटाने झालेल्या इजेचे नेहमीचे चित्र आहे. वयाबरोबर येणारी घट याहून निराळी असते. ती वरच्या टोकापासून सुरू होऊन हळूहळू खाली पसरते.

दात्यांची उंचीही, म्हणजे वरच्या आणि खालच्या वळणबिंदूंमधील अंतरही, लिहून ठेवावी. बहुतेकांमध्ये ती दहा डेसिबेलच्या आसपास असते. ज्या कानात उंबरठा वर गेलेला असूनही आवाजाची तीव्रता एकदम वाढल्यासारखी वाटते, त्या कानाचे दाते आखूड होतात याकडे बेकेशी यांनी लक्ष वेधले होते. जेम्स जर्जर यांनी १९६० मध्ये अखंड आणि तुटक स्वरांनी काढलेल्या दोन रेघांची तुलना करून श्रवणविकारांचे प्रकार पाडले. घरच्या मोजणीवरून असे निदान करू नये. दात्यांची उंची ऐकणाऱ्याच्या सावधपणानेही बदलते.

प्रवासी लहरीचा पडताळा

ही पद्धत हाती आली की तिच्या साहाय्याने बेकेशी यांच्या मुख्य शोधाची सावली आपल्याच कानात पाहता येते. मला स्वतःला हा या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

कर्णावर्त ही शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्या लांबीभर बॅसिलर मेम्ब्रेन नावाचे सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचे आधारपटल पसरलेले असते आणि त्यावर केशपेशींच्या, म्हणजे ही हालचाल टिपणाऱ्या पेशींच्या, रांगा असतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात असे मांडले होते की, या पटलाचे आडवे धागे तंतुवाद्याच्या तारांप्रमाणे वेगवेगळ्या स्वरांना जुळवलेले असून प्रत्येक स्वर आपापली तार तेवढी हलवतो. बेकेशी यांनी मृत व्यक्तींचे कर्णावर्त घेऊन ते पाण्याखाली कोरले, आतल्या पारदर्शक पटलावर चांदीचे अतिसूक्ष्म कण शिंपडले आणि झपझप उघडमीट करणाऱ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हालचाल पाहिली. १९२८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या या निरीक्षणांत सुट्या तारांचे कंपन नव्हते. रिकिबीजवळच्या बुडापासून एक लहर, म्हणजेच प्रवासी लहर, निघे, टोकाकडे जाता जाता उंच होत जाई, एका जागी कळस गाठी आणि तिथून पुढे झपाट्याने मावळे. पटल बुडाशी अरुंद आणि ताठ, तर टोकाशी रुंद आणि लवचीक असल्यामुळे उंच स्वरांचा कळस बुडाजवळ आणि खालच्या स्वरांचा टोकाजवळ येतो. माणसाच्या कानात बुडापासून मोजले असता २००० हर्ट्झची जागा सुमारे १६ मिलिमीटरवर, १००० ची २१ वर आणि ५०० ची २५ वर पडते.

यातून एक भाकीत निघते. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर आपल्या जागी पोहोचण्याआधी २००० हर्ट्झच्या जागेवरून जाते, पण ५०० च्या जागेपर्यंत ती जवळजवळ पोहोचतच नाही. तेव्हा १००० च्या आसपासच्या मोठ्या आवाजाने २००० चा स्वर झाकोळला जावा आणि ५०० चा फारसा जाऊ नये. झाकोळ वरच्या स्वरांकडे अधिक पसरतो हे वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्येच मोजून दाखवले होते.

आपल्याला पडताळा असा घेता येईल. प्रणालीत सर्व वारंवारतांचा मिश्र खरखराट निर्माण करावा आणि गाळणीने त्यातील ९०० ते ११०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवावा. गाळणीचा उतार शक्य तितका तीव्र घ्यावा आणि ती दोनदा लावावी, नाहीतर खरखराटाचा पाझर २००० हर्ट्झपर्यंत पोहोचेल आणि झाकोळ कानात झाला की संगणकात, हे सांगता येणार नाही. झाकणारा आवाज म्हणून १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर घेऊ नये, कारण २००० च्या जवळ दोन्ही स्वरांच्या गुंतागुंतीतून ठोके ऐकू येतात आणि तेच ऐकून माणूस हात वर करतो.

हा खरखराट एका पट्टीवर आणि तपासणीचा तुटक स्वर दुसऱ्या पट्टीवर, दोन्ही एकाच कानात वाजतील असे ठेवावेत. आधी खरखराट बंद ठेवून ५०० आणि २००० चे उंबरठे मोजावेत. मग तो जेमतेम स्पष्ट ऐकू येईल इतका, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंबरठ्यापेक्षा सुमारे २० डेसिबेल वर ठेवून तेच दोन उंबरठे पुन्हा मोजावेत. दोन्ही जवळजवळ पूर्वीइतकेच येतील. शेवटी तो साध्या बोलण्याइतका मोठा करावा, त्याहून अधिक नको, आणि तिसऱ्यांदा मोजावे. आता २००० चा उंबरठा स्पष्टपणे वर गेलेला आढळेल, तर ५०० चा जवळपास जागेवरच असेल. खरखराट आणखी ५ डेसिबेल वाढवून पाहिल्यास २००० चा उंबरठा ५ हून अधिक सरकलेला दिसू शकतो. कवटीच्या हाडात दडलेल्या, वाटाण्याएवढ्या अवयवात लहर कोणत्या दिशेने धावते हे कागद-पेन्सिलीने कळते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

एका गोष्टीची इथे भर घालणे आवश्यक आहे. बेकेशी यांनी पाहिलेला लहरीचा कळस बराच रुंद होता, आणि एवढ्या रुंद कळसावरून १००० आणि १००३ हर्ट्झ यांतला फरक माणूस कसा ओळखतो हे समजत नव्हते. त्यांचे कान मृत होते आणि हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून त्यांना प्रचंड मोठा आवाज वापरावा लागला होता. जिवंत कानात काही तरी ऊर्जा भरणारी यंत्रणा असली पाहिजे, असे थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये सुचवले. विल्यम रोड यांनी १९७१ मध्ये जिवंत माकडांच्या कर्णावर्तात हालचाल मोजली, तेव्हा कळस अधिक टोकदार निघाला आणि प्राण्याच्या मृत्यूनंतर तो टोकदारपणा हरपला. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये निरोगी कानातून बाहेर येणारा क्षीण ध्वनी नोंदवला, आणि १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व सहकाऱ्यांनी बाहेरच्या केशपेशी विजेच्या संदेशाने आखूड-लांब होतात हे दाखवले. प्रवासी लहर खरीच होती. मृत कानात तिला वर उचलणारे हात तेवढे थांबलेले होते. गोंगाटाने आधी याच बाहेरच्या केशपेशी दुखावतात. एका कानात त्या सुमारे १२,००० असतात आणि एकदा गेल्यावर पुन्हा उगवत नाहीत. आपल्या मोजणीतील ४००० हर्ट्झजवळच्या खळग्यामागे बहुधा त्यांचीच अनुपस्थिती असते.

आणखी दोन छोटे प्रयोग

पहिला दिशेचा आहे. एक ‘टिक्’ तयार करून ती दोन्ही वाहिन्यांवर ठेवावी आणि उजवी वाहिनी अनुक्रमे ०, ९, १८ आणि २७ नमुन्यांनी (नमुना, म्हणजे संगणकाने साठवलेला ध्वनीचा सर्वांत लहान तुकडा) पुढे ढकलावी. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या दरात हा उशीर अनुक्रमे ०, ०.२, ०.४ आणि ०.६ मिलिसेकंद होतो. पहिली ‘टिक्’ डोक्याच्या मधोमध ऐकू येईल आणि पुढच्या क्रमाक्रमाने डावीकडे सरकत जातील. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्याला वळसा घालण्यास ध्वनीला जास्तीत जास्त एवढाच, ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा वेळ लागतो. खालच्या वारंवारतांत वेळेच्या फरकावरून आणि वरच्या वारंवारतांत तीव्रतेच्या फरकावरून आपण दिशा ओळखतो, असे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले होते. सरावलेल्या कानाला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही जाणवतो, आणि तो आपल्या फाइलमधील एका नमुन्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

दुसऱ्या प्रयोगाला कोणतेच साधन लागत नाही. ओठ मिटून एकाच स्वरात गुणगुणावे आणि एक कान बोटाने हलकेच बंद करावा. गुणगुण बंद कानाकडे सरकते आणि मोठी होते, कारण हाडांतून नळीत उतरलेल्या कंपनाला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. हाडांतून आलेला स्वर आणि हवेतून आलेला स्वर यांची अचूक जुळणी केल्यास ते एकमेकांना रद्द करतात, हे बेकेशी यांनी १९३२ मध्ये दाखवले, म्हणजे दोन्ही वाटा अखेर त्याच पटलावर पोहोचतात. ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज परका आणि पातळ वाटतो, कारण त्यात हाडांच्या वाटेने येणारा भाग नसतो.

नोंद आणि पुढचे पाऊल

वहीत दर वेळी तारीख, वेळ, हेडफोन, मुख्य आवाजाची खूण, सर्व वळणबिंदू आणि ऐकणाऱ्याचा थकवा यांची नोंद करावी. केवळ सरासरी लिहून वळणबिंदू टाकून देऊ नयेत. दोन-तीन महिन्यांनी तीच मोजणी त्याच साधनांवर करावी. एकाच वारंवारतेवर, एकाच कानात, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन मोजण्यांत १० डेसिबेलहून अधिक घसरण दिसली, किंवा दोन कानांत तेवढा फरक कायम राहिला, तर ती वही घेऊन श्रवणतज्ज्ञाकडे जावे आणि मापित यंत्रावर तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येणे कमी झाले, तर मात्र घरी काहीही मोजत बसू नये. त्या आजारावर उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असते, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.